आधी पाला, मग बादली : मुंबईच्या घरात ओला कचरा जिरवताना

मुंबईतून रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याहून बराच मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, ताटात उरलेला भात. हे सगळं दुधाच्या पिशव्या, रद्दी आणि डायपरसोबत एकाच काळ्या पिशवीत बांधून आपण खाली पाठवतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून हा कचरा पोटात घेतंय. गोराईचं २००७ मध्ये बंद झालं, मुलुंडचं २०१८ मध्ये, आणि आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो सडतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि हा वायू पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या धुरापायी आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

हीच देठं आणि सालं घरातल्या बादलीत, हवा लागेल अशा बेताने ठेवली तर अडीच-तीन महिन्यांत त्यांचं खत होतं. वास येत नाही, वीज लागत नाही आणि महागडं यंत्रही लागत नाही. वन रूम किचनमध्ये जमतं, चाळीच्या गॅलरीत जमतं, खिडकीच्या ग्रिलमध्येही जमतं. लागतो तो सुका पाला. सुरुवात करून सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेकांचं गाडं पाल्यावरच अडतं, म्हणून या लेखात बादलीपेक्षा पाल्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

पहिला आठवडा : नुसतं वेगळं करा

काहीही विकत घेऊ नका. आठवडाभर फक्त तीन जागा करा. ओट्यावर झाकणाचं एक लहान भांडं, त्यात फक्त ओला कचरा. एका कोपऱ्यात मोठी पिशवी, सुक्या कचऱ्यासाठी. आणि सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज, मुदत संपलेली औषधं, ब्लेड, बॅटऱ्या यांची तिसरी जागा, ओल्या-सुक्यापासून पूर्ण बाजूला.

ओट्यावरच्या भांड्यात पिशवी घालू नका. तळाला वर्तमानपत्राचा कागद अंथरा, तो पाणीही शोषतो आणि नंतर कचऱ्याबरोबर बादलीत जातो. ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेल्या हिरव्या पिशव्यांवर विसंबू नका. त्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, घरच्या बादलीत महिनोन्‌महिने तशाच राहतात.

या आठवड्यात दोन गोष्टी कळतील. एक म्हणजे तुमच्या घरात ओला कचरा नेमका किती निघतो. चार माणसांच्या घरात साधारण अर्धा ते एक किलो धरून चाला. पालेभाजी आणि फळं जास्त खाणाऱ्या घरात किलोच्या वर जातो. दुसरी गोष्ट म्हणजे ओल्यात नकळत काय काय जातं : कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, सफरचंदावरचं स्टिकर, मसाल्याच्या पाकिटाचा कापलेला कोपरा, चहाच्या टी-बॅगची जाळी. भाजी निवडतानाच रबर आणि दोरे वेगळे काढायची सवय या आठवड्यात लागली, तर पुढे खत चाळताना बराच त्रास वाचतो.

घरात कामाला येणाऱ्या ताईंना पहिल्या दिवसापासून यात घ्या. बहुतेक घरांत कचरा त्याच हाताळतात. कोणत्या भांड्यात काय, हे त्यांना नीट सांगितलं आणि त्यांच्या अडचणी ऐकल्या, तर निम्मं काम मार्गी लागतं.

पाला : सगळा खेळ इथे आहे

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन प्रकारचं खाणं लागतं, कर्ब आणि नत्र. हिरव्या, ओल्या, पाणीदार कचऱ्यात नत्र जास्त असतं. सुक्या, तपकिरी पाल्यात कर्ब जास्त असतो. नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग हे प्रमाण साधलं की कुजणं झपाट्याने होतं. नुसत्या भाजीपाल्यात कर्ब कमी पडतो, म्हणून उग्र वास येतो. शिवाय सालांमधून पाणी सुटतं आणि हवा जायच्या फटी बुजतात. सुका पाला कर्ब पुरवतो, पाणी शोषतो आणि हवेला वाट मोकळी ठेवतो. ही तिन्ही कामं इतकी चांगली करणारं दुसरं काही तुम्हाला मुंबईत फुकट मिळणार नाही.

वजन करत बसायची गरज नाही. जितकी वाटी ओला कचरा, तितकीच वाटी चुरलेला पाला. पावसाळ्यात पाला दीडपट-दुप्पट.

मुंबईत झाडं मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पानं गाळतात. रेन ट्रीची बारीक पानं सगळ्यात उत्तम, चुरावीही लागत नाहीत. रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसणाऱ्या जंगली बदामाची पानं मोठी आणि जाड असतात. ती पोत्यात भरून पायांनी तुडवली की मस्त चुरा होतो. पिंपळ, वड, करंज, गुलमोहर सगळं चालतं. आंब्याच्या पानांवर मेणासारखा थर असतो, ती कुजायला वेळ घेतात, म्हणून इतर पानांत मिसळून घाला. निलगिरीची पानं नकोतच.

पाला मिळवायचा कसा? सकाळी सात-साडेसातला सोसायटीच्या आवारात किंवा गल्लीत झाडलोट चालू असते तेव्हा खाली उतरा. झाडणाऱ्या मावशींना विचारा, “मावशी, हा पाला मला द्याल का? खताला हवाय. पोतं मी आणलंय.” पाला उचलून गाडीपर्यंत नेण्याचं त्यांचं ओझं कमी होतं, त्यामुळे सहसा नाही म्हणत नाहीत. “उद्या ये गं, त्या बदामाखाली लई पडतो,” असं त्याच सांगतात. पोतं घेताना एकदा हात घालून चाळून घ्या. पाल्यात गुटख्याच्या पुड्या, सिगारेटची थोटकं आणि काचा असतात. हातमोजे घालूनच हे काम करा. आणि पाला भिजलेला असेल तर गच्चीत किंवा गॅलरीत एक दिवस पसरून वाळवा, मगच पोत्यात भरा.

चार माणसांच्या घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी धान्याच्या ५० किलोच्या पोत्यांएवढी दोन ते तीन पोती लागतात, पाला चुरून दाबून भरला तर. पोती एप्रिल-मेमध्येच भरून ठेवा. जून लागला की कोरडं पान दिसत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतरच नवशिक्यांच्या बादल्या वास मारायला लागतात.

ज्यांच्या आसपास झाडंच नाहीत त्यांनी पुठ्ठ्याकडे वळावं. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी, अंड्यांचे ट्रे, वर्तमानपत्राचे बोटभर रुंदीचे तुकडे. खोक्याची चिकटपट्टी आधी काढा, चकचकीत छपाईचा पुठ्ठा टाळा. सोललेल्या नारळाची शेंडी पिंजून घातली तर उत्तम, आणि ती मराठी घरात नेहमीच असते. नर्सरीतून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाही आणता येतो, पण त्याला पैसे पडतात. सुताराकडचा भुसा घ्यायचा तर अस्सल लाकडाचाच घ्या. प्लायवूडच्या भुशात गोंद आणि रसायनं असतात.

बादली तयार करणं

रंगाची २० लिटरची झाकणवाली रिकामी बादली रंगाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळते. घासून धुवा, उन्हात वाळवा. खिळा चिमट्यात धरून गॅसवर तापवा आणि बादलीला चहूबाजूंनी चार-चार बोटांच्या अंतरावर भोकं पाडा. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, प्लास्टिकचा धूर चांगला नसतो. ड्रिल मशिन असेल तर प्रश्नच नाही. तळाला पाच-सहा भोकं, झाकणालाही थोडी. आतून जुन्या मच्छरदाणीची जाळी भोकांवर चिकटवली की माश्या आणि झुरळं आत शिरत नाहीत.

बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताट किंवा ट्रे. ट्रे विसरू नका. मुंबईत वरच्या ग्रिलमधून गळलेलं तपकिरी पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं, की भांडण ठरलेलं. ग्रिलमध्ये ठेवायची असेल तर ग्रिल मजबूत आहे ना ते पाहा, भरलेली बादली जड होते. चाळीत सामाईक गॅलरीत ठेवणार असाल तर शेजाऱ्यांना आधी दाखवा, झाकण उघडून आतला पाला दाखवा. आत काय आहे ते माहीत असलं की लोकांची भीती जाते.

जागा सावलीची हवी आणि पावसाचे शिंतोडे न येणारी. कडक ऊन लागलं तर कचरा कुजण्याऐवजी वाळतो.

मातीचं भांडं परवडत असेल आणि जागा असेल तर ते प्लास्टिकपेक्षा सरस, कारण माती जादा ओल शोषून बाहेर टाकते. धारावीच्या कुंभारवाड्यात मोठ्या कुंड्या मिळतात. खालचं भोक जाळीने झाका आणि वर पितळी किंवा लाकडी झाकण ठेवा. पण पहिला प्रयोग फुकटातल्या बादलीवरच करावा असं मी सुचवेन. सवय टिकते का ते कळू द्या, मग पैसे घाला.

बादल्या किती लागतील? दोन माणसांच्या घराला दोन. चार माणसांच्या घराला तीन. एक बादली साधारण तीन-चार आठवड्यांत भरते, मग ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. भरलेली बादली महिन्याभरात निम्मी खाली बसते. अशा दोन अर्ध्या बादल्या एकत्र केल्या की एक मोकळी होते.

रोजचं काम, दहा मिनिटांचं

तळाला चार बोटं जाडीचा पाल्याचा थर द्या. त्यावर विरजण. दह्याला लावतो तसंच इथेही जिवंत विरजण लागतं : कुणाकडचं तयार खत असेल तर दोन-तीन मुठी, नाहीतर नर्सरीतलं शेणखत, तेही नसेल तर वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून पाल्यावर शिंपडा. बाजारात जिवाणूंच्या कल्चरच्या पुड्या मिळतात. त्यांनी वेग थोडा वाढतो, पण त्यांच्याशिवायही काम होतं.

मग रोज एकदा, शक्यतो रात्रीची आवराआवर झाली की, ओट्यावरचं भांडं बादलीत रिकामं करा. मेथी-माठाच्या काड्या, फ्लॉवरची देठं, केळीची सालं आधी कात्रीने किंवा विळीवर बोटाच्या पेराएवढी कापून घ्या. तुकडा जितका लहान तितकं लवकर कुजतं. पाणी निथळलेलं असावं. वर तितकाच पाला पसरा, इतका की ओला कचरा दिसता कामा नये. झाकण लावा. इतकंच.

दोन-तीन दिवसांनी एकदा लाकडी दांड्याने किंवा जुन्या कालथ्याने तळापर्यंत ढवळा, हवा जाऊ द्या. पहिल्या आठवड्यानंतर मधोमध हात घातला तर कोमटपणा जाणवतो. तो जिवाणूंच्या कामाचा आहे, घाबरू नका. मोठ्या ढिगात ही उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते, बादलीत तेवढी चढत नाही.

ओल तपासायची जुनी, खात्रीची पद्धत : मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर. धार लागली तर पाला घाला आणि ढवळा. मूठ उघडताच सगळं भुगा होऊन पडलं तर पाण्याचा हबका मारा, तांदूळ धुतलेलं पाणी असेल तर फारच छान.

काय घालायचं, काय नाही

भाजी-फळांचा सगळा कचरा, चहा-कॉफीचा चोथा, अंड्याची टरफलं चुरून, शिळ्या पोळीचे तुकडे, निर्माल्य, हे बिनधास्त. चहाचा चोथा साखर-दुधाचा असेल तर एकदा पाण्याखाली धरा, नाहीतर मुंग्या लागतात. कांद्या-लसणाची सालं आणि लिंबाच्या फोडी घालू नका असं अनेक जण सांगतात. नेहमीच्या घरगुती प्रमाणात त्यांनी काही बिघडत नाही. सरबतांच्या दिवसांत लिंबांचा ढीग निघाला तर मात्र तो थोडा थोडा घाला.

शिळी पोळी सोडली, तर शिजलेलं अन्न पहिला महिनाभर घालू नका. हात बसला की थोडं घाला. भाताचा गोळा होतो, तो पाल्यात मोकळा करून घालावा. तेलकट रस्सा, दूध, दही, लोणचं नको. नारळाची करवंटी, शहाळं, मोठी हाडं कुजायला फार वेळ घेतात, ती बादलीत नकोतच. आंब्याच्या बाठ्यांचं काय करायचं हा मे महिन्यातला मोठा प्रश्न. त्या उन्हात वाळवून वेगळ्या ठेवा, सालं मात्र कापून, दुप्पट पाल्यात. आंब्याच्या सालीइतकी चिलटं दुसऱ्या कशानेही येत नाहीत.

मासळी. कोळंबीची टरफलं, बोंबलाची डोकी, खवलं यांचं खत फार ताकदीचं होतं, पण ते पहिल्या बादलीचं काम नाही. दोन-तीन बादल्या नीट उतरल्या की मग मधोमध खड्डा करून तळाशी पुरायचं, वर वीतभर पाला. तोवर मासळीचा कचरा पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या, आणि गाडी यायच्या वेळेपर्यंत डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बाजारातच साफ करून घेतली तर घरी काहीच येत नाही.

गणपती, नवरात्र, दसरा या दिवसांत निर्माल्य खूप साठतं. झेंडूच्या माळांचे दोरे, जरीच्या पट्ट्या, टिकल्या काढा, फुलं चुरगाळून घाला. झेंडू आणि पत्री छान कुजतात. जास्त झालं तर विसर्जनाच्या ठिकाणी पालिका निर्माल्य कलश ठेवते, त्यात टाका. त्या फुलांचंही पुढे खत होतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खाडीत किंवा समुद्रात सोडण्याची पद्धत आता थांबवायला हवी, हे मी अगदी मनापासून सांगते.

बिघडलं तर

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे. सगळं मिश्रण वर्तमानपत्रावर काढा, भरपूर पाला मिसळा, पुन्हा भरा. दोन दिवसांत वास जातो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त झालं, पुन्हा पालाच.

चिलटं दिसली तर कचरा उघडा पडतोय. थर जाड करा आणि काही दिवस फळांची सालं घालण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात.

पांढुरकी बुरशी चांगली. मुंग्या म्हणजे मिश्रण कोरडं झालं, ढवळून पाणी शिंपडा.

अळ्या. यालाच घाबरून सर्वाधिक लोक बादली फेकून देतात, म्हणून नीट सांगते. पावसाळ्यात मिश्रणात मोठ्या, चपट्या, आधी मळकट पांढऱ्या आणि नंतर तपकिरी होणाऱ्या अळ्या दिसतात. त्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ नावाच्या माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही आणि चावतही नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. पाहणं नकोसं वाटत असेल तर पाल्याचा थर वाढवा आणि ओल कमी करा, त्या आपोआप कमी होतात. कीटकनाशक मारू नका. त्याने काम करणारे सगळेच जीव मरतात.

उंदीर-घुशींचा त्रास असलेल्या तळमजल्यावर झाकणावर वीट ठेवा आणि शिजलेलं अन्न अजिबात घालू नका.

ट्रेमध्ये साठलेलं तपकिरी पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून फुलझाडांना घालता येतं. त्याला घाण वास येत असेल तर मात्र झाडांना घालू नका.

ओला बाजूला गेला की सुका सोपा

ओलं वेगळं झाल्यावर उरलेल्या कचऱ्याला वास येत नाही, म्हणून तो रोज बाहेर काढावा लागत नाही. दुधाच्या पिशव्या भांडी घासताना शेवटच्या पाण्यात विसळून दोरीवर वाळवा. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, जोडलेला ठेवा. एवढासा सुटा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारातच जातो. पुठ्ठा, कागद, पत्रा, काच, जाड प्लास्टिक रद्दीवाला नेतो. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं आणि थर्माकोल सहसा कोणी नेत नाही. त्यांच्यावर एकच उपाय, कमी आणणं.

सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ द्यायचा तो माणसांसाठी. मुंबईत हजारो बाया कचरा वेचून घर चालवतात. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांच्या पुढाकाराने या बायांसाठी ‘परिसर विकास’ कार्यक्रम उभा केला आणि त्यांना कचरा वर्गीकरणाचं, खत आणि बायोगॅस प्रकल्प चालवण्याचं प्रशिक्षण दिलं. डायपर आणि आमटी एकत्र कालवलेली पिशवी आपण फेकतो, तेव्हा ती उघडणारे हात यांचेच असतात. पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वेगळेच द्या. अशा कचऱ्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये वेगळी संकलन सेवा सुरू केली आहे, सोसायटीने तिच्यासाठी नोंदणी करावी. ब्लेड पुठ्ठ्यात चिकटपट्टीने बांधा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका.

मुळात कमी कचरा आणण्याचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, फोडणीची पोळी, फोडणीचा भात, कोथिंबिरीची देठं वाटणात. मला तर शिरांची चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त आवडते. बाजारात जाताना कापडी पिशवीबरोबर मासळीसाठी डबा न्या. महाराष्ट्रात पातळ प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी भाजीवाल्याकडे त्या दिसतात, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. आणि रविवारी स्वस्त मिळाली म्हणून तीन जुड्या घेऊ नका, त्यातली एक हमखास सडते.

सोसायटीत करायचं असेल तर

घरचं जमलं की हा विषय सभेत काढा, त्याआधी नको. स्वतःच्या बादलीतलं खत घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं. रोज १०० किलोंहून जास्त कचरा निघणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा महापालिकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. पण नियमाच्या धाकापेक्षा शेजाऱ्यांचा अनुभव जास्त पटतो. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करून जिरवायला सुरुवात केली आणि त्यातूनच पालिकेची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही नागरिक सहभागाची पद्धत शहरभर गेली. मोठ्या कॅन्टीन आणि संकुलांसाठी बायोगॅसचाही पर्याय आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी त्यासाठीच ‘निसर्गऋण’ हा प्रकल्प विकसित केला.

सोसायटीत यंत्र घेण्याआधी ते चालवणार कोण, त्याचा पगार किती आणि पाला साठवायला जागा कुठे, ही तीन उत्तरं कागदावर लिहून घ्या. यंत्रं धूळ खात पडतात ती बहुतेक पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळे.

खत तयार झालं

भरलेली बादली झाकून ठेवल्यावर आठवड्यातून एकदा ढवळायची, कोरडी वाटली तर पाणी शिंपडायचं. अडीच-तीन महिन्यांत मिश्रण काळंभोर, भुसभुशीत होतं, पाव हिश्श्यापेक्षा कमी उरतं आणि त्याला मातीचा वास येतो. मूळ साल किंवा देठ ओळखू येत असेल तर अजून वेळ आहे. खात्री करायची तर मूठभर खत पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला नाही तर झालं. किंवा त्यात मेथीचे दाणे पेरून पाहा, नीट उगवले म्हणजे खत पक्कं.

वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस सावलीत वाळवा आणि मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला जाडाभरडा भाग नव्या बादलीत विरजण म्हणून जातो. चाळलेलं खत कुंडी भरताना एक भाग खताला तीन भाग माती या प्रमाणात घ्या. आधीच्या झाडांना महिन्यातून एकदा मूठभर, बुंध्यापासून थोडं लांब, माती उकरून. तुळशीला त्याहून कमी. नुसत्या खतात रोप लावू नका, मुळं गुदमरतात.

घरात कुंड्याच नसतील तर आवारातल्या झाडांच्या आळ्यात घाला किंवा गच्चीवर बाग करणाऱ्या कुणालाही विचारा. घरचं खत कोणी नको म्हणत नाही. बादलीची उष्णता फार चढत नसल्यामुळे या खतातून टोमॅटो, मिरची, भोपळा, कधी पपईचीही रोपं आपसूक उगवतात. चार-सहा पानांची झाली की जोमदार असतील ती वेगळ्या कुंडीत हलवा, बाकीची उपटून पुन्हा बादलीत.